दोन फोडण्या

ब्रह्माघाट, वाराणसी
४ सप्टेंबर २०२३

ती. वन्संना अंबिकाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या निमिषनं तुम्हाला सांगितलंच असेल. आमच्या यज्ञेशनं नोएडाहून त्याला फोन केला होता. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि निमिष अर्धं गाळून सांगतो, म्हणून सगळं नीट लिहिते. आधीच सांगते, आता तबियत ठीक आहे.

अधिक महिना संपून दोनच दिवस झाले होते. हे पंचगंगेवर स्नान करून वर येत होते आणि मधल्या पायऱ्यांवर एकदम बसले. छातीत दुखतंय म्हणाले. घामानं अंगावरचं उपरणं भिजून गेलं. शेजारच्या सुमंतनं आणि दोन नाववाल्या मल्लाहांनी त्यांना खुर्चीत बसवून गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत नेलं. तिथून गाडी. दवाखान्यात त्याच दिवशी दोन स्टेंट टाकले. नऊ दिवसांनी घरी सोडलं.

निघताना डॉक्टर मला म्हणाले, "माताजी, तेल-घी बदलिए और कम कीजिए." मी विचारलं, बदलून कोणतं घेऊ? तोवर ते पुढच्या खाटेकडे गेले होते. आता ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. यज्ञेशनं ऑलिव्हचं तेल आणून ठेवलं, त्यात फोडणी कशी करायची तेच मला कळत नाही. वरच्या मजल्यावरची पद्मा म्हणते, फक्त गाईचं तूप, बाकी सगळं जहर. दुकानदार हृदयाचं चित्र असलेला रिफाइंडचा डबा पुढे करतो. आणि आपलं कडू तेल, मोहरीचं हो, ते चालतं की नाही हे कुणीच सांगत नाही. ओट्यावर बाटल्यांची रांग आहे आणि ह्यांना मी उकडलेला दुधी वाढते आहे.

तुम्ही इतकी वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलंत. तुम्हीच सांगा.

अजून एक गोष्ट. ती बोलायची हिंमत इथे होत नाही. अधिक महिन्यात ह्यांच्याकडे विधींना येणारे, आपल्याकडेच जेवणारे यात्रेकरू फार होते. तेहतीस-तेहतीस अनारशांची वाणं मी रोज तळत होते, डालड्यात. ह्यांना अनारसे किती आवडतात तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी चार-पाच खायचे आणि मी वाढायची. वन्सं, हे मीच त्यांना खाऊ घातलं का?

आपली,
अंबिका


मिरज
१३ सप्टेंबर २०२३

चि. सौ. अंबिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू नाहीस. तू लग्न होऊन ब्रह्माघाटावर आलीस तेव्हा स्वयंपाकघरात आई तूप आणि कडू तेल वापरायची. दिवाळीला मी माहेरी आले आणि वनस्पती तुपाचा डबा मी आणवला. मी तेव्हा वर्गात मुलींना फळ्यावर लिहून देत असे, की वनस्पती तूप साजूक तुपाइतकंच पौष्टिक असतं. पुस्तकात तसंच होतं. माझ्या कितीतरी वर्गांनी ते वहीत उतरवून घेतलं. पुढे पुस्तक बदललं, पण मुली घरी गेल्या होत्या. तुझ्या घरातला डबा माझा आहे. माझ्या धाकट्या दिनाला खाऊ घातलं असेल तर मी.

रडत बसू नकोस, कामाला लाग. पहिलं म्हणजे तो डबा आजपासून बंद. बाहेरची खारी, नमकीन, बेकरीची बिस्किटं ही त्याच जातीची, तीही बंद.

कडू तेल चालतं. नुसतं चालतं नाही, चांगलं आहे. फक्त सुटं घेऊ नकोस, त्यात भेसळ होते. बंद बाटलीतलं घाण्याचं घे. तुमच्याकडे कढईतून धूर निघेपर्यंत तापवायची सवय आहे, ती मोड. एकच तेल वर्षभर वापरायचं नाही. एक महिना कडू, एक महिना शेंगदाण्याचं, मधे तिळाचं. प्रत्येकात काही असतं, काही नसतं. ऑलिव्ह यज्ञेशला परत दे, किंवा कोशिंबिरीवर घाल. रिफाइंडच्या डब्यावरच्या चित्राला भुलू नकोस. साजूक तूप पद्मा म्हणते तसं अमृतही नाही आणि विषही नाही, दिनाला वरणावर एक चहाचा चमचा पुरे.

आणि मुख्य गोष्ट. कोणतं तेल याहून किती तेल हे महत्त्वाचं. दिवसभरात माणशी तीन छोटे चमचे, त्यात फोडणी, पोळी, तळण सगळं आलं. बाटलीतून ओतू नकोस, चमच्यानं घाल.

तळलेलं तेल पुन्हा कढईत चढवायचं नाही. काळं झालेलं तर मुळीच नाही. दिनाच्या बाबतीत याला अपवाद नाही.

दर महिन्याला कळव. मी आमच्या ह्यांना वाचवू शकले नाही. तेव्हा मला कळतच नव्हतं. आता कळतं.

तुझी,
प्रेमला


ब्रह्माघाट
६ ऑक्टोबर २०२३

ती. वन्संना सा. न.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात खिळ्याला लावून ठेवलं आहे. पितृपक्ष चालू आहे, दोन मिनिटं मिळाली ती लिहिते.

ह्यांचं सगळं तुम्ही सांगितलं तसं. सकाळी वाटीत तीन चमचे काढून ठेवते, दिवसभर त्यातलंच. पहिले आठ दिवस काय महाभारत झालं! "ही सब्जी आहे की पथ्याचं औषध?" म्हणून ताट सरकवलं. मी म्हटलं, "वन्संनी लिहिलंय." तर म्हणाले, "अक्का मिरजेत बसून माझ्या ताटात हात घालते." पण जेवले. तुमचं नाव काढलं की जेवतात.

यात्रेकरूंच्या श्राद्धाच्या जेवणालाही आता डालडा नाही. लोक बापाचं श्राद्ध करायला इतक्या लांबून येतात, त्यांना मी हे कसं वाढू? वडे कडू तेलात तळते, रोज ताजं तेल. नाशिकचे लोक पहिल्यांदा नाक मुरडतात, मग मागून घेतात.

आता एक अडचण. तळून उरलेलं तेल रोज एवढं राहतं. मोरीत ओतलं तर नाल्यातून गंगेतच जाणार. जिच्यात पहाटे नमस्कार करून बुडी मारायची, तिच्यात मी काळं तेल कसं सोडू? कुणाला द्यावं तर तेही मन होत नाही. जे ह्यांना चालत नाही ते मी झाडूवालीला देऊ? तिच्याही घरी माणसंच आहेत. डालड्याचा अर्धा डबाही तसाच पडला होता. शेवटी मी गाळून ठेवते आणि माझी फोडणी त्यात करते. हळूहळू संपेल. मला कुठे स्टेंट आहे!

दोन फोडण्या करायच्या म्हणजे वेळ जातो इतकंच. आधी ह्यांची, मग माझी.

यंदा श्राद्धाची माणसं जास्त आहेत. पाणी भरून वर आणलं की दम लागतो, मग बसते जरा. वय झालं, दुसरं काय.

अंबिका


मिरज
२० ऑक्टोबर २०२३

चि. सौ. अंबिकास आशीर्वाद.

शाबास. माझ्या शाळेत असतीस तर तुला पहिला नंबर दिला असता.

दिना ताट सरकवतो म्हणजे तब्येत सुधारते आहे. आजारी माणूस निमूट जेवतो. त्याला सांग, अक्का म्हणते की ठठेरी बाजारातून कचोरी खाऊन आलास तर मला इथे मिरजेत वास येतो. तो खातो. मला माहीत आहे. लहानपणीसुद्धा पानात बांधून खिशात आणायचा.

तळलेल्या तेलाचं मी बजावलंच आहे. गाळलेलं असलं तरी त्याच्या ताटात येता कामा नये. भांडीसुद्धा वेगळी ठेव, चुकून त्याच्या भाजीत जायचं.

यात्रेकरूंचं काम वाढलं असेल तर हाताखाली एखादी बाई घे. दमू नकोस. तू दमलीस तर त्याचं पथ्य कोण सांभाळणार?

डिसेंबरात त्याचं रक्त तपासून घ्या आणि आकडे मला कळवा.

प्रेमला


ब्रह्माघाट
११ डिसेंबर २०२३

ती. सौभाग्य हरवलेल्या परंतु अधिकार न हरवलेल्या अक्कास दिनानाथचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या आज्ञेने गेले तीन महिने मी चमच्याने मोजून जगत आहे. पूर्वी या घरात वेद मोजून म्हणत, आता तेल मोजतात. कालच रक्ताचा अहवाल आला. ज्या चरबीला डॉक्टर वाईट म्हणतात ती निम्म्यावर आली आहे. वजन सहा किलो उतरलं. डॉक्टरांनी मला चक्क हात जोडून विचारलं, "पंडितजी, घर में कौन बनाता है? उनको मेरा प्रणाम कहिए." मी घरी येऊन प्रणाम पोचवला तर तुझी भावजय पदरानं डोळे पुसू लागली. बायकांचं काही कळत नाही.

कचोरीचा आरोप खोटा आहे. फक्त दोनदा.

आता मी पंचगंगेच्या पायऱ्या न थांबता चढतो. गंमत म्हणजे थांबते ती. पन्नासेक पायऱ्यांत तीन वेळा बसते. मी म्हटलं, "अहो, हृदयाचा रोगी मी की तुम्ही?" तर म्हणते, "गंगा बघते आहे." जन्म मंगळागौरीच्या गल्लीत गेला, अजून गंगा बघायची राहिली आहे म्हणे!

ऐक अक्का, विनोद सोडून लिहितो. ऑगस्टात मला वाटलं होतं, संपलं. तुम्ही दोघींनी मला परत आणलं. हे ऋण कोणत्या मंत्रानं फिटतं ते माझ्या शाखेत सांगितलेलं नाही.

तुझा,
दिना


ब्रह्माघाट
३० जानेवारी २०२४

ती. वन्संना सा. न.

हे पत्र ह्यांना न दाखवता टाकते आहे.

तशी काही बात नाही. पंधरा दिवसांपासून पित्त फार झालं आहे. छातीत जळतं, मग ती जळजळ डाव्या खांद्यात आणि जबड्यात चढते. एक दिवस तर ओट्याला धरून उभी राहिले, घाम आला, ओकारी आली, आणि अर्ध्या तासानं आपोआप बरं वाटलं. तेव्हापासून हात जड वाटतो. थंड दूध घेते. पद्मा म्हणाली, भाभी, डॉक्टरला दाखवा. पण माघ मेळ्याहून माणसं परतताना काशीत उतरतात, घरात रोज पंधरा-वीस पानं. आणि ह्यांना कळलं तर घाबरतील. डॉक्टरांनी सांगितलंय, ह्यांना चिंता नको. म्हणून तुम्हीही कळवू नका, माझी शपथ आहे.

यज्ञेश म्हणत होता, आई, बाबांबरोबर तूही रक्त दे. मी हसले. माझा कसला तपास? मला तर लग्नानंतर फक्त बाळंतपणाला दवाखाना माहीत.

पित्तावर काय घेऊ तेवढं लिहा.

अंबिका


मिरज
८ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. अंबिकास आशीर्वाद.

जेवणाच्या वेळा टळतात, उभ्या उभ्या खातेस, त्याचं हे पित्त. जेवणानंतर चिमूटभर ओवा आणि सैंधव चावून खा. मिरची कमी कर. रात्री धणे भिजत घालून सकाळी ते पाणी पी. उन्हाळा सुरू व्हायच्या आत बरं वाटेल.

दिनाला कळवत नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे, त्याच्या जिवाला घोर नको. होळीला यज्ञेश येईल तेव्हा मात्र त्याच्याबरोबर जाऊन एकदा दाखवून ये.

दिनाचं तिळाचं तेल सुरू केलंस का?

प्रेमला


ब्रह्माघाट
२१ मार्च २०२४

अक्का,

निमिष तेराव्याला येऊन गेला, त्यानं तुला सांगितलं असेलच. तरी मला लिहिलं पाहिजे.

एक मार्चला सकाळी चौदा पानं होती. मी बाहेरच्या खोलीत यजमानांना संकल्प सांगत होतो. ती आत वडे तळत होती. त्या मंडळींतल्या एक बाई तिच्याजवळ बसल्या होत्या. त्या सांगतात, तिनं झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, गॅस तेवढा बंद करता? मी जरा पडते." ओट्याखालच्या फरशीवर, गार लागतं म्हणून, पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. बाईंनी मला हाक मारली. मी म्हटलं, "संकल्प पुरा करून आलो." अक्का, मी संकल्प पुरा केला. दोन-तीन मिनिटं असतील. मग आत गेलो.

सुमंतनं तीच खुर्ची आणली, त्याच गल्ल्यांतून नेलं. मैदागिनच्या अलीकडेच तिची मान कलली. दवाखान्यात यंत्र लावून पाहिलं आणि डॉक्टर बाहेर आले. ज्यांनी तिला प्रणाम सांगितला होता तेच. म्हणाले, हा पहिला झटका नव्हे, महिन्याभरापूर्वी एक येऊन गेला असणार. विचारलं, "इनका शुगर कितना था? बीपी?" मी यज्ञेशला फोन लावून विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. माझे सगळे आकडे तिला तोंडपाठ होते.

मणिकर्णिकेवर यज्ञेशला मंत्र सांगायला मीच बसलो. आयुष्यभर तेच केलं. पहिल्याच ओळीला आवाज गेला, पुढचं विश्वजीत गुरुजींनी सांगितलं.

चौदाव्या दिवशी सगळे गेल्यावर मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. साखर शोधताना ओट्याखाली दोन किटल्या सापडल्या. गाळलेलं तेल, काळं, डांबरासारखं. कागदाची पट्टी चिकटवून तिच्या अक्षरात लिहिलेलं, "माझे". मी पद्माला हाक मारून विचारलं. ती म्हणाली, "भाभी अपना सब उसी में बनाती थीं. हमने कई बार टोका. कहती थीं, फेंकूँ कहाँ?"

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, एकट्या तेलावर ढकलता येणार नाही, तपासणी वेळेवर झाली असती तर पुष्कळ करता आलं असतं.

तुझी पत्रं तिनं पोथीच्या फडक्यात बांधून ठेवली होती. फेब्रुवारीचं वाचलं. म्हणजे तिनं तुला काहीतरी कळवलं होतं. काय कळवलं होतं? आणि तू मला का लिहिलं नाहीस?

दिनानाथ


मिरज
२ एप्रिल २०२४

चि. दिना,

तिचं जानेवारीचं पत्र सोबत पाठवते आहे. तू वाच. माझ्याजवळ ठेवण्याचा मला हक्क नाही.

तिनं शपथ घातली होती हे त्यात दिसेल. पण शपथेमागे मी लपणार नाही. छातीत जळजळ, जबडा, डावा खांदा, घाम, हे सगळं तिनं शब्द न् शब्द लिहिलं होतं. हेच जर "ह्यांना होतंय" असं लिहून आलं असतं, तर मी त्याच दिवशी निमिषला विमानात बसवून पाठवलं असतं. तिनं स्वतःचं लिहिलं, म्हणून मला ते पित्त वाटलं.

आणि हे एवढंच नाही. तिची सगळी पत्रं मी काढून बसले. ऑक्टोबरात तिनं स्पष्ट लिहिलं आहे, "माझी फोडणी त्यात करते." मी ते वाक्य वाचलं होतं, दिना. वाचून मी काय उत्तर दिलं माहीत आहे? गाळलेलं असलं तरी दिनाच्या ताटात येता कामा नये, भांडी वेगळी ठेव. दम लागतो असं तिनं लिहिलं, तर मी लिहिलं, तू दमलीस तर त्याचं पथ्य कोण सांभाळणार.

माझे ते सगळे नियम माणशी होते. त्या घरात दोन माणसं होती. मी एकच मोजलं.

तुला वाचवायचं होतं. माझा एक माणूस असाच गेला होता, दुसरा जाऊ द्यायचा नव्हता. तिला मी तुझा स्वयंपाक करणारी म्हणून लिहीत राहिले. ती मात्र मला वन्सं म्हणून लिहीत होती.

क्षमा माग असं मन म्हणतं, पण कुणाकडे मागू? तुला वाटेल तेव्हा लिही. न लिहिलंस तरी मी समजेन.

प्रेमला


ब्रह्माघाट
१९ जून २०२४

ती. अक्कास सा. न.

अडीच महिने लिहिलं नाही. रागावलो होतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी फाडायला घेतलं होतं, आत तिचं पत्र होतं म्हणून हात थांबला.

मग राग ओसरला असं नाही, पण तो नुसता तुझ्यावर ठेवता येईना. तू सातशे कोस लांब होतीस. मी त्याच घरात होतो. ती पायऱ्यांवर बसायची ते मी पाहत होतो आणि तुला गंमत म्हणून लिहीत होतो. दोन वेगळ्या फोडण्यांचा वास मला रोज येत होता. माझी हिंगाची, आणि नंतर दुसरी, खवट. एकदा विचारलंही, "हा कसला वास?" म्हणाली, "काही नाही, तुमची नाही." मी पानावर बसलो.

यात्रेकरूंची जेवणं बंद केली. विधी करतो, जेवायला बाहेर पाठवतो. स्वतःचं मी करू लागलो आहे. वरणभात जमतो, पोळी जमत नाही. सुमंतची आई पाठवते.

त्या किटल्यांचं सांगायचं राहिलं. मोरीत ओतायला माझाही हात धजेना. सुमंतला बोललो. तो म्हणाला, विशेश्वरगंजच्या पलीकडे एक साबणवाला जळकं तेल घेतो. दुसऱ्या दिवशी माणूस सायकलवर आला, किटल्या घेऊन गेला, रिकाम्या धुऊन आणून दिल्या. एवढंच काम होतं, अक्का. कुणीतरी एक दिवस चौकशी करायची, एवढंच. ती मला दर संध्याकाळी म्हणायची, "ह्या तेलाचं काय करावं?" मला वाटायचं, बायकांचा प्रश्न आहे.

आता तू माझं एक ऐक. तू तुझं रक्त तपासून घे. साखर, चरबी, रक्तदाब, हृदयाचा आलेख, सगळं. तू एकाहत्तर वर्षांची आहेस आणि माझ्या आठवणीत तू कधी डॉक्टरकडे गेलेली नाहीस. निमिषला सवड नसेल तर मधुराला घेऊन जा. सून असली म्हणून संकोच करू नकोस. आकडे आल्यावर मला लिही. तोवर क्षमा वगैरे दुसरं काही लिहू नकोस, मी वाचणार नाही.

दिना


मिरज
४ जुलै २०२४

चि. दिनास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं काल मधुराबरोबर जाऊन आले. तिनं कचेरीतून अर्धी रजा काढली. मी नको म्हणत होते, ती म्हणाली, "आई, मला यायचंच आहे."

मोठी रांग होती. उपाशीपोटी जायचं होतं, त्यामुळे सगळ्या बायका चहावाचून कावलेल्या. माझा नंबर आल्यावर एका मुलीनं आत नेलं. वीस-बाविसाची असेल, गळ्यात ओळखपत्र, समोर फॉर्म. मला ऐकू येत नाही असं मधुरानं सांगितलं, तेव्हापासून ती प्रत्येक प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पुढे करू लागली. वय लिहून झालं. आधीचे आजार लिहून झाले. मग तिनं लिहिलं, घरी स्वयंपाक कोण करतं?

मी म्हटलं, मी. सून नोकरी करते, मला जमतं तोवर मीच.

तिनं मान हलवली आणि खाली लिहिलं, आणि तुम्ही स्वतः काय जेवता? कोणत्या तेलातलं?

साधा प्रश्न, दिना. फॉर्मवर छापलेला असणार, ती दिवसातून शंभर जणींना विचारत असेल. आदल्या दिवशीचं जेवण आठवायचा प्रयत्न केला. निमिषला भाजी वेगळी केली होती, नातवाला पुऱ्या तळल्या होत्या. मी सगळ्यांचं झाल्यावर उभ्यानं काय खाल्लं ते आठवेना. कढईत तळाशी राहिलं होतं त्यात पोळी पुसून घेतली असावी. पुसूनच घेतली होती.

मग मला रडू आलं. नाहीच थांबलं. अंबिकेला चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही आणि मला विचारायला चार ओळींचं पत्र पुरलं असतं.

त्या मुलीनं तोवर दंडाला पट्टा बांधला होता. तिला वाटलं, मी सुईला घाबरले. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि कागदावर लिहिलं, आजी, एकदाच टोचणार, दुखणार नाही.

मी तिला तसंच वाटू दिलं आणि हात पुढे केला.

आकडे शनिवारी मिळतील. आले की लिहिते.

तुझी,
अक्का